‘आई’ लिहिलेली काडी

खरं तर मी तिथे सावलीसाठी थांबले होते. बस डोळ्यांदेखत निघून गेली होती, पुढची पाऊण तासानं, आणि थांब्याच्या छपराची सावली रस्त्याच्या पलीकडे पडत होती. शेजारी हिरव्या जाळीचा मांडव दिसला. रोपवाटिका. मी आत शिरले आणि पहिल्याच पावलाला डोक्यावर पाऊस पडला.

पाऊस कसला... झारी होती. वरच्या फळीवरच्या रोपांना पाणी घालणाऱ्या माणसानं मला पाहिलंच नव्हतं.

"अरे देवा! भिजलात का?"

"नाही, मी घरूनच अशी येते," मी म्हटलं.

तो ओशाळला. खांद्यावरचा रुमाल पुढे केला, तो मातीनं माखलाय हे पाहून मागे घेतला, आणि मग कुठे हसला. एका गालानं जरा जास्त हसतो तो. हे मला तेव्हाच दिसलं, पण मी केस पिळत राहिले.

रिकाम्या हातानं परत जाणं बरं दिसेना. मी म्हटलं, "टोमॅटोची रोपं द्या. शंभर-दीडशे."

"नाही देणार."

"संपली?"

"आहेत की. ही काय." त्यानं फळीवर बोट दाखवलं. "पण आता लावाल तर फुलं येणार ऐन उन्हाळ्यात. रात्रीसुद्धा गरम. दोन दिवस ऐटीत मिरवतील आणि गळून पडतील. मग तुम्ही मला शिव्या द्याल."

"मी शिव्या देत नाही."

"मग मनात द्याल. त्या जास्त लागतात."

असा दुकानदार मी पाहिला नव्हता. मी शहरात शिवणाच्या दुकानात काम करत होते तेव्हा मालकीणबाई म्हणायच्या, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, उद्या या म्हणायचं. आणि हा सरळ नाही म्हणून मोकळा!

"मग उन्हाळ्यात लावायचं तरी काय?" मी जरा चिडूनच विचारलं. आणि त्या एका प्रश्नामागून बाकीचं सगळंच बाहेर आलं. अनोळखी माणसाला का सांगितलं कुणास ठाऊक. ओल्या केसांमुळे असेल.

सांगितलं ते एवढंच – बाबा विहिरीच्या पायरीवरून घसरले. खुबा धरला, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं. मी शहरातलं काम सोडून परत आले. आमचं शेत लहान, घराच्या ओट्यावरून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावी एवढं. शेजारी काकाचं. काकाला दोन्ही एक करून हवंय, आणि बाबांनाही आता तेच बरं वाटायला लागलंय. मी हट्ट धरला, तेव्हा ते म्हणाले, "हा एक उन्हाळा घे. शेत हिरवं राहिलं तर तुझं. नाही राहिलं तर काका कसेल. वाळलेलं रान बघत ओट्यावर बसायची ताकद नाही माझ्यात."

तो ऐकत होता. झारी हातात तशीच, चोचीतून थेंब थेंब त्याच्या चपलेवर.

"विहिरीला पाणी?" त्यानं विचारलं.

"सकाळी दोन तास पंप चालतो. मग तळ दिसतो."

"दुपारचं ऊन कुठून येतं?"

"वरून!"

"अहो, तसं नाही..." तो पुन्हा त्या गालानं हसला. "मावळतीच्या बाजूला झाडं आहेत का? नाहीत? मग मावळतीला भेंडीच्या दोन ओळी. भेंडी उंच होते, ऊन अंगावर घेते. तिच्या आडोशाला माठाची भाजी. मधल्या जागेत चवळी, माती झाकून ठेवते. आणि मांडव करून त्यावर दोडका. दोडका उन्हाला दाद देत नाही."

"बी किती खोल टाकायचं?"

तो फळीशी वळला. तिथे दोन ट्रे शेजारी शेजारी होते. दोन्हींत सारखीच रोपं, दोन-दोन जाडसर पानांची. एकातली काडी त्यानं उपसली. आइस्क्रीमची काडी असते तशी, वर ‘दोडका’ लिहिलेलं. तिच्यावर नखानं खूण करून म्हणाला, "भेंडीचं बी इतकं. रात्रभर भिजवून."

माझं लक्ष शेजारच्या काडीकडे गेलं. "आणि हिच्यावर नुसतं ‘आई’ का लिहिलंय?"

त्यानं तीही उपसली. अंगठ्यानं पुसली. "ही विकायची नाही. माझ्या आईची काकडी आहे. तिनं वर्षानुवर्षं जपलेलं बी. ती गेल्यापासून डबीत होतं. म्हटलं, आणखी ठेवलं तर उगवायचं नाही. यंदा सगळं टाकलं."

"उगवलं की."

"उगवलं," तो म्हणाला. आणि मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि बाहेर बसचा भोंगा वाजला.

घाईघाईनं त्यानं काड्या खोवल्या, ‘दोडका’ लिहिलेला ट्रे माझ्या हातात ठेवला, भेंडी-चवळीच्या पुड्या वर टाकल्या. बसच्या पायरीवरून मी मागे वळून पाहिलं. तो रिकाम्या झारीनं पाणी घालत होता.

*

लावणीच्या संध्याकाळी बाबा ओट्यावर खुर्चीत बसून सूचना देत होते. मी गळ्यात शिवणाची टेप अडकवली होती. दोन रोपांत किती अंतर ते त्यानं इंचांत सांगितलं नव्हतं, ‘दोन हात’ म्हणाला होता. पण कुणाचे हात? मी आपले मोजले आणि टेपनं तितकं अंतर धरून एकेक रोप लावलं.

"मापं घेऊन झाली असतील तर पाणी घाल," बाबा म्हणाले. "कपडे नंतर शिव त्यांचे."

शेत सरळ ओळींत उभं राहिलं. मला इतका आनंद झाला की रात्री टेप उशाशी ठेवून झोपले.

पाचव्या दिवशी सकाळी एक सायकल धाडकन कुंपणाला टेकली. तो होता. घर विचारत विचारत आलेला, घामानं निथळत, हातात एक ट्रे.

"दोडका लावलात?"

"लावला. का?"

तो तसाच मांडवाकडे धावला. गुडघे टेकून बसला, आणि नव्यानं फुटलेलं एक पान बोटावर घेऊन बघत राहिला. फिकं, लवदार. मग त्यानं हातातला ट्रे माझ्यापुढे धरला. त्यातलं नवं पान गडद, कोनाकोनाचं. आणि त्यात काडी – ‘आई’.

"हा दोडका आहे," तो म्हणाला. "आणि तो... ती आई आहे."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "म्हणजे माझ्या मांडवावर काकडी? या उन्हात? अहो, काकडी उन्हात कडूजहर होते, हे मलासुद्धा माहीत आहे!"

"ही होत नाही. निदान... आईच्या अंगणात होत नव्हती."

"काढून घ्या मग. न्या तुमची रोपं, माझा दोडका द्या."

"नाही काढता येणार." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "आता मुळं पसरली असतील. काकडीच्या मुळाला धक्का लागला की संपलं."

आम्ही दोघं त्या चिमुकल्या वेलींपाशी बसून राहिलो. ओट्यावरून बाबांचा आवाज आला, "काय झालं गं? कोण आहे?"

"रोपवाटिकेवाले आहेत, बाबा! काड्या चुकल्या त्यांच्या!"

"किती वर्षं रोपं विकतायत?"

"दहा," तो ओट्याकडे बघून म्हणाला.

"दहा वर्षांत पहिल्यांदा?"

"हो, काका."

"मग इथेच बरी चुकली," बाबा म्हणाले. आणि त्या दिवसापासून त्याचं नाव आमच्या घरात ‘काडीवाले’ पडलं.

मी त्याला विचारलंच – "एवढी दहा वर्षं चुकली नाही, मग आत्ताच कशी चुकली?"

"ऊन," तो म्हणाला, आणि सायकलीचा टायर नीट आहे का ते बघायला लागला.

*

आणलेला दोडका आम्ही कुंपणाच्या कडेला लावला. आणि मग तो रोज येऊ लागला. उन्हं चढायच्या आत, पंप चालू असायचा त्या वेळी. आधी म्हणायचा, "काकडी बघायला आलो." मग म्हणायचा, "इकडून चाललो होतो." आमचं घर रस्ता संपतो तिथे आहे. इकडून कुणीच कुठे जात नाही.

त्यानं मला मुळाशी वाळकं गवत पसरायला शिकवलं. मी त्याला सुतळीची अशी गाठ शिकवली की वेल घट्टही बसते आणि काचतही नाही. तो गाठ मुद्दाम चुकवायचा.

"पुन्हा दाखवा."

"चौथ्यांदा?"

"हात मंद आहे माझा."

"काल तर एका हातानं कलम बांधत होतात."

"तो डावा होता. हा उजवा."

भेंडीनं मान उंच केली, तिच्या सावलीत माठ लाल-हिरवा पसरला, चवळीनं माती झाकली. आणि एका सकाळी मांडवाखाली पहिली काकडी सापडली, पानाआड लपलेली, बोटाएवढी जाड, अंगावर दव. ती वाढेपर्यंतचे सहा दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. कडू निघाली तर अर्धं शेत कडू.

सातव्या दिवशी त्यानं ती तोडली. खिशातला चाकू काढला. मी म्हटलं, "थांबा. टोक कापून चोळा आधी."

"नाही चोळायचं. चोळलं तर कळणार कसं?"

एक चकती मला, एक त्याला. दोघांनी एकमेकांकडे बघत तोंडात टाकली. कुरकुरीत, गार, आणि शेवटी अगदी पुसटशी गोड. तो चावायचा थांबला. डोळे भरून आले होते त्याचे. मी दुसरीकडे बघितलं, कारण काही गोष्टी बघायच्या नसतात. मग मी उरलेली काकडी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुमच्या आईंना सांगा, गिऱ्हाईक खूश आहे."

त्यानं ती मोडली. मोठा तुकडा मला दिला.

*

मग बियांचा प्रश्न आला. बी धरायचं तर काकडी तोडायची नाही, वेलीवरच पिकू द्यायची – पिवळी, जाडजूड, खायला निरुपयोगी होईपर्यंत. त्यानं निरोगी वेलींवरच्या आठ निवडल्या, मी त्यांच्या देठांना लाल दोरा बांधला.

"एक सांगतो," तो म्हणाला. "फळ पिकायला लागलं की वेल हळू होते. तिला वाटतं, आपलं काम झालं."

"किती दिवस?"

"महिना तरी."

आणि त्याच महिन्यात गरम वारा सुटला. तीन दिवस, तीन रात्री. चवळी दुपारी मान टाकायची. विहिरीचा पंप दोन तासांवरून सव्वा तासावर आला. मांडवाच्या मावळतीकडच्या वेलींची पानं कडेनं करपली, नवी फुलं जवळजवळ थांबली. पिवळ्या काकड्या मात्र लोंबत होत्या, आठच्या आठ. आणि काकाचा निरोप आला – रविवारी येतो, शेत बघायला. बाबांनी ओट्यावरची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

शुक्रवारी तो आला तेव्हा मी मांडवाखाली बसले होते. त्यानं सगळीकडे नजर फिरवली. मग म्हणाला, "कात्री आहे?"

"आहे."

"दोऱ्याच्या काकड्या काढून टाका. म्हणजे वेलींना पुन्हा जोर येईल. रविवारी हिरवं दिसेल."

"बी कच्चं आहे अजून."

"असू दे."

"आणि आई?"

"आई काय त्या बियांत बसलीय?" तो म्हणाला. पण म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. सुतळीची एक गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. पहिल्या झटक्यात, अगदी बरोबर. "शेत जायला नको तुमचं. मी... नाही बघू शकणार ते."

मी शिवणाची मोठी कात्री आणली. पहिल्या पिवळ्या काकडीपाशी गेले. देठ पकडला. लाल दोरा माझ्याच हातचा होता.

मग मी वळले आणि घरात गेले. कपाट उघडलं, होत्या नव्हत्या तेवढ्या जुन्या चादरी बाहेर ओढल्या – निळ्या, फुलाफुलांच्या, एक लहानपणीची, तिच्यावर बदकं होती. कात्री त्यांना लावली.

"हे काय करताय?" तो दारातून म्हणाला.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, मावळतीला आडोसा हवा म्हणून. भेंडी मांडवाएवढी उंच होत नाही. मी करते."

शुक्रवार आणि शनिवार शिवणयंत्र चाललं. तो बाहेर खांब रोवत होता, मी आत चादरींना चादरी जोडत होते. मधूनच तो खिडकीत यायचा, "पडद्याची लांबी सांगा." मी टेप फेकायची. तो माप घेऊन यायचा आणि टेप हातात द्यायच्या ऐवजी माझ्या गळ्यात अडकवायचा... अगदी हलकेच. यंत्राची सुई तेवढ्यापुरती वाकडी चालायची. ती शिवण अजून तशीच आहे.

बाबांनी खुर्ची पुन्हा शेताकडे वळवली. "बदकांची चादर मध्ये लाव," ते म्हणाले. "तिचं कापड जाड आहे."

*

रविवारी काका आला तो फाटकातूनच हसत आला. "हे शेत आहे की धोब्याचं अंगण?"

काडीवाले मांडवाच्या खांबाशी उभे होते, हात मागे बांधून, परीक्षेला बसल्यासारखे.

काकानं भेंडी बघितली, माठ बघितला, चवळीपाशी वाकून माती उकरली. ती आत ओली होती. हसू जरा कमी झालं. मग त्यानं बदकांची चादर बाजूला सारली आणि मांडवाखाली शिरला. पाठोपाठ आम्ही.

आत गार होतं. दोन दिवसांत वेलींनी माना वर केल्या होत्या, शेंड्यांना पिवळी फुलं होती, मधमाश्यांची गुणगुण होती. चादरींमधून येणारं ऊन निळं निळं पडलं होतं.

"आणि या अशा पिवळ्या का होऊ दिल्यास? तोडायला फुरसत नव्हती?"

"त्या बियांच्या आहेत, काका. दोरा बघा. खायची ही." मी एक कोवळी तोडून दिली.

"या दिवसांत? कडू असणार." तरी त्यानं चावली. चावत राहिला. आणखी एक घास घेतला. सगळी संपली तेव्हा हात झटकत तो म्हणाला, "याचं... बी मिळेल का थोडं?"

बाबा चादरीपलीकडे काठी टेकून उभे होते. महिनोन् महिन्यांत पहिल्यांदा ओट्यावरून खाली उतरले होते. म्हणाले, "तू शेत मागायला आला होतास ना? आता बी मागतोयस?"

काका ओशाळून हसला. "मग काय करू? मला नाही जमत असं."

"मग तिलाच माग. शेत तिचं आहे."

असं म्हणून बाबांनी खिशातून पंपाच्या खोलीची किल्ली काढली. देताना काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. "कुलपाला तेल घाल," एवढंच म्हणाले.

*

पुढे तीन आठवड्यांनी आम्ही त्या आठ काकड्या उतरवल्या. ओट्यावर बसून चिरल्या, बिया गरासकट पाण्यात टाकल्या, दोन दिवसांनी धुवायला बसलो. पोकळ बिया वर तरंगतात, भरलेल्या तळाशी बसतात. एकाच भांड्यात चार हात, त्यामुळे कुणाचं बोट कुणाला लागतंय याचा हिशेब दोघांनी सोडून दिला होता.

"आता तरी सांगा," मी म्हटलं. "काडी चुकली कशी?"

"सांगितलं ना, ऊन."

"मांडवावर हिरवी जाळी होती. आत ऊन नव्हतं."

तो पाण्यातल्या बियांकडे बघत राहिला. कान लाल झाले होते. "दोन्ही काड्या हातात होत्या. खोवताना ट्रेकडे बघायला हवं होतं. मी..."

"कुठे बघत होतात?"

"तुझ्याकडे," तो म्हणाला. मग दचकला. "म्हणजे, तुमच्याकडे."

"पहिलं बरोबर होतं," मी म्हटलं.

भांड्यातलं पाणी शांत झालं. आतल्या बिया एकेक करून तळाशी बसल्या.

"खरं सांगू?" मी म्हटलं. "काड्या माझ्या समोरच बदलल्या. मला दिसायला हवं होतं. माझं तरी लक्ष कुठे होतं..."

तो हसला. त्याच गालानं. ओला हात तसाच माझ्या हातावर ठेवला, आणि या वेळी मागे घेतला नाही. "पुढच्या वर्षी ट्रे कुठे ठेवू? तिकडे की इथे?"

"एकाच ठिकाणी ठेवू. दोन ठिकाणी ठेवलं की चुकतं तुझं."

खुर्चीतून बाबा म्हणाले, "डबीवर काय लिहायचं ते ठरवा आधी. आणि काडीवाले, बघून लिहा!"

डबीवर ‘आई’च लिहिलं. दुसरं काही शोभलं नसतं.

आता मांडवाला चादरींचा तोच पडदा आहे, बदकं थोडी फिकी झालीत. त्याची रोपवाटिका आमच्या कुंपणाला लागून आहे. आणि आमच्याकडे सव्वा वर्षाचं एक माणूस आहे, जे रोज सकाळी ट्रेमधल्या काड्या उपटतं आणि भलत्याच ट्रेमध्ये खोवतं. काल तिनं ‘भेंडी’ची काडी बाबांच्या चपलेत रोवली.

आम्ही तिला रागावत नाही. कुठल्या तोंडानं रागावणार?